केसाळ कोळी : पाळणें आणि ओळखणें

ब्रह्मापासून ही सृष्टि कशी प्रकट झाली हें सांगतांना मुण्डकोपनिषदाच्या ऋषीस जे दृष्टांत सुचले, त्यांत पहिला कोळ्याचा आहे. ऊर्णनाभि जसा आपल्याच देहांतून तंतु बाहेर काढतो व पुनः आंत घेतो, तशी ही विश्वाची घडामोड, असा त्याचा आशय. तंतु पुनः आंत घेण्याची गोष्ट केवळ कविकल्पना नव्हे. चक्राकार जाळें विणणारे पुष्कळ कोळी जुनें जाळें खाऊन टाकतात व त्याच द्रव्यापासून नवें विणतात, हें आजचें शास्त्रहि सांगतें. दक्षिणेंत श्रीकालहस्ती येथें तर कोळी, सर्प आणि हत्ती हे तिघेहि शिवभक्त मानले गेले असून क्षेत्राचें नांवच त्या तिघांवरून पडलें आहे. ज्या प्राण्यास उपनिषदांत व क्षेत्रमाहात्म्यांत असें स्थान मिळालें, त्याचें आपल्या घरांतील स्वागत मात्र केरसुणीच्या टोकानें होतें. आणि तो कोळी तळहाताएवढा व केसाळ असला, तर केरसुणीच्या जागीं काठी येते.

हाच तळहाताएवढा केसाळ कोळी कोणी हौसेनें घरांत आणून पोसतो असें सांगितलें, तर आमच्या कित्येक वाचकांस व विशेषतः वाचक-भगिनींस तें खरें वाटणार नाहीं. परंतु युरोप-अमेरिकेंत ही हौस कित्येक दशकांपासून रुजलेली आहे व आपल्या देशांतहि तिचा शिरकाव झाला आहे. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत चेन्नई येथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनीं पोलंडहून टपालानें आलेलें एक पार्सल उघडलें. त्यांत रुपेरी कागद व कापूस यांत गुंडाळलेल्या लहान लहान कुप्यांतून १०७ जिवंत कोळी निघाले. तमिळनाडूंतील एका गृहस्थाच्या नांवें तें पार्सल होतें. सरकारी परवानगीचे कागद नसल्यामुळें तें आल्या वाटेनें परत धाडण्यांत आलें.

वऱ्हाडांतील वाचकांस तर हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या उत्तरेस, सातपुड्याच्या गाविलगड रांगेंत, मेळघाटाचें सागवानी अरण्य पसरलें आहे. १९७३-७४ सालीं व्याघ्रप्रकल्पासाठीं देशांतील जीं पहिलीं नऊ अरण्यें निवडलीं गेलीं, त्यांत तें होतें. वाघासाठीं राखलेल्या या रानांत कोळ्यांचीहि वस्ती मोठी आहे, आणि तिचा अभ्यास करणारी मंडळी वऱ्हाडांतच निपजली. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठांतील प्राणिशास्त्राचे अध्यापक डॉ. गणेश वानखेडे व दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयांतील डॉ. अतुल बोडखे यांनीं इकडील कोळ्यांच्या अभ्यासासाठीं वर्षानुवर्षें परिश्रम घेतले. सेमाडोह-कोलकासकडे वाघ पाहावयास जाणाऱ्या शेंकडों प्रवाशांपैकीं फारच थोड्यांना या गोष्टीची वार्ता असते.

आतां, प्राणी पाळणें म्हणजे काय? गाय हंबरते, पोपट बोलतो, मांजर पायांत घोटाळतें. आपलें हवें-नको तीं आपापल्या परीनें कळवितात. कोळी मुका, आणि बहुतेक वेळ निश्चल. त्यामुळें पोसणारा आपल्याच मनांतल्या कल्पना त्याच्यावर लादतो. त्याच्या जीवनांत जें नित्याचें, तें पोसणाराला रोग वाटतो. आणि जें खरोखर संकट, तें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. अशा अज्ञानानें जितके कोळी मरतात तितके काठीनें मरत नसतील. म्हणून या प्राण्याचा सहजस्वभाव काय, एवढेंच सांगण्याचें या लेखांत योजिलें आहे.

नांव आणि कुळ

टॅरंटुला हें नांव इटलींतील टारांटो शहरावरून आलें. त्या बाजूला राहणारा एक मोठा कोळी चावला म्हणजे विष उतरण्यासाठीं बेभान नाचावें लागतें, अशी तेथील लोकांची जुनी समजूत होती व त्यावरून टॅरंटेला नांवाचा नाचहि प्रसिद्ध झाला. गंमत अशी कीं, तो इटालियन कोळी केसाळ कोळ्यांच्या कुळांतला नव्हेच. पुढें युरोपीय लोकांस अमेरिकेंत मोठे केसाळ कोळी दिसले, तेव्हां त्यांनीं तेंच नांव त्यांना दिलें आणि मूळ धन्यापेक्षां दत्तकच त्या नांवाचा मालक होऊन बसला. शास्त्रज्ञ या कुळाला थेराफोसिडी म्हणतात. त्याच्या हजाराहून अधिक जाती आजवर वर्णिल्या गेल्या आहेत. हिंदुस्थानांतील जातींचें पहिलें भरघोस वर्णन रेजिनाल्ड पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत केलें.

या कुळाची खूण म्हणजे त्यांचे विषदंत. घरांतल्या सामान्य कोळ्याचे दंत चिमट्याप्रमाणें आडवे मिटतात. केसाळ कोळ्याचे दंत कुदळीप्रमाणें वरून खालीं येतात. श्वासासाठीं पोटाखालीं पुस्तकाच्या पानांसारख्या पडदेदार फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. डोळे आठ, पण दृष्टि अधू. त्याचा खरा डोळा म्हणजे अंगावरील केस. जमिनीचा कंप, हवेची हालचाल, तंतूला बसलेला धक्का यांवरून तो जग ओळखतो. भक्ष्य आलें, वैरी आला कीं जोडीदार आला, हें त्याला पायांनींच कळतें. म्हणून पेटीवर टिचकी मारून त्याला हांक मारणें म्हणजे झोपलेल्या माणसाच्या कानाशीं नगारा वाजविणें होय.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. रात्रीं न्हाणीघराच्या भिंतीवर जो मोठा, चपटा, तपकिरी रंगाचा कोळी सरकन् धांवतो व ज्याची मादी पोटाखालीं पांढरट चकतीसारखी अंड्यांची पिशवी धरून बसते, तो केसाळ कोळी नव्हे. तो निराळ्या कुळांतला असून झुरळें खाऊन आपल्या घराची चाकरी करतो. त्याला टॅरंटुला समजून मारण्यांत शौर्य तर नाहींच, शहाणपणहि नाहीं.

बिऱ्हाड कसें असावें

केसाळ कोळ्यांत राहणीचे मुख्य प्रकार दोन. कांहीं जमिनींत बीळ करून राहतात, कांहीं झाडांच्या ढोलींत. बीळ करणाऱ्यास आडवी, ठेंगणी पेटी हवी व तिच्या तळाशीं चांगला जाड थर हवा. नारळाच्या काथ्याचा भुसा त्यासाठीं सोयीचा पडतो. मातीच्या थरापासून झांकणापर्यंतची उंची कोळ्याच्या पसरलेल्या पायांच्या दीडपटीहून अधिक नसावी, कारण हा जड प्राणी कांचेवर चढून पडला कीं त्याचें नाजूक पोट फुटतें आणि त्यावर उपाय चालत नाहीं. ढोलींत राहणाऱ्यास उलट उभी पेटी व आंत सालीचा पोकळ तुकडा लागतो. दोघांसहि हवेचीं छिद्रें, लपण्यास जागा आणि पाण्याची उथळ वाटी, एवढेंच पुरे होतें. एका पेटींत एकच कोळी ठेवावा. दोन ठेवले तर बहुधा एकच उरतो.

वऱ्हाडचा उन्हाळा कसा असतो हें वऱ्हाडकरांस सांगावयास नको. अकोल्यास वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो. अशा दिवसांत खिडकींतली कांचेची पेटी म्हणजे भट्टीच. रानांतला कोळी या तापांतून वांचतो तो हातभर खोल बिळाच्या गारव्यानें. पेटींतल्यास तो मार्ग नसतो. म्हणून घरांत पाण्याचा माठ ज्या कोपऱ्यांत गार राहतो, तोच कोपरा त्याच्यासाठीं निवडावा. डांस मारण्याचें औषध त्या खोलींत फवारूं नये आणि कपाशीच्या शेतांतून धरून आणलेले किडे त्याला देऊं नयेत; फवारणीचें विष किड्याच्या वाटेनें कोळ्याच्या पोटांत जातें.

अन्नाविषयीं एक गोष्ट आमच्या घरांतून आधींच स्पष्ट झालेली बरी. कोळी दूधभात खात नाहीं. त्याला जिवंत रातकिडे, झुरळें, नाकतोडे हेंच लागतें. भक्ष्यांत तो पाचक रस सोडतो, त्याचा द्रव करून शोषून घेतो आणि उरलेली कोरडी गोळी बाजूला टाकतो. जीवहत्या डोळ्यांसमोर घडूं नये असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा प्राणी घरांत न आणणेंच रास्त. आणल्यानंतर त्याला उपाशी ठेवून आपली अहिंसा संभाळणें हा काय धर्म?

उपवास

आतां त्याच्या सहजस्वभावाकडे वळूं. पोसणारास पहिली चिंता पडते ती कोळ्याच्या उपवासाची. आठवड्याला एखाददुसरा किडा खाणारा कोळी एकाएकीं अन्न नाकारतो. आठ दिवस जातात, महिना जातो, कधीं तीन-तीन महिने जातात. पोसणारा घाबरा होऊन किडे बदलतो, पेटी हलवितो, काडीनें ढोसून पाहतो. यांतलें कांहींच करावयास नको असतें. सस्तन प्राण्याप्रमाणें या जीवास अंग ऊबदार राखण्यासाठीं अन्न जाळावें लागत नाहीं. त्याचा खर्च इतका थोडा कीं, भरल्या पोटावर तो महिनेच्या महिने काढूं शकतो. पोट वाटोळें व टवटवीत आहे आणि वाटींत पाणी आहे, तोंवर उपवास हा त्याचा स्वतःचा निर्णय समजावा. पोट सुरकुतलें तर मात्र आधीं पाण्याकडे पाहावें, मग अन्नाकडे. कारण भुकेपेक्षां तहान त्याला लौकर मारते.

कधीं तो बिळाचें तोंड मातीनें व रेशमानें बंद करून घेतो आणि आठवडेच्या आठवडे दिसतच नाहीं. कांहीं कोळी सारी माती एका कोपऱ्यांतून दुसऱ्या कोपऱ्यांत नेतात, पाण्याची वाटी मातीनें भरून टाकतात, नाहींतर तिच्यावर रेशीम पसरतात. भक्ष्य पकडल्यावर कित्येक गोल गोल फिरून रेशमाचा थर घालतात; पाहणारास तो आनंदाचा नाच वाटतो. तीं सारीं नित्यकर्में आहेत. नव्या पेटींतला कोळी मात्र पहिले कांहीं दिवस कांचेवरच चढून राहतो. त्याला पळावयाचेंच असतें असें नव्हे. पायांखालची जागा अजून आपली झालेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

कात

दीर्घ उपवासाच्या शेवटीं बहुधा जें घडतें तें या प्राण्याच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें कार्य होय. कोळ्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो. तें कवच ताणत नाहीं, म्हणून वाढावयाचें तर जुनें टाकून नवें घ्यावें लागतें. पिलें वर्षांतून अनेकदां कात टाकतात, मोठी मादी वर्षांतून एकदां किंवा त्याहूनहि क्वचित्. ती वेळ जवळ आली कीं कोळी रेशमाची चटई विणतो, आणि तिच्यावर चक्क उताणा होतो.

नवशिके पोसणारे येथेंच फसतात. आठहि पाय वर करून निश्चल पडलेला कोळी पाहून तो मेला असें त्यांना वाटतें. कोणी त्याला सरळ करतो, कोणी पाणी शिंपडतो, कोणी उचलून केरांत टाकतो. वस्तुतः तेवढ्या वेळांत पाठीवरचें कवच झांकणाप्रमाणें उचकटत असतें आणि हातमोज्यांतून बोटें काढावीं तसे आठहि पाय जुन्या खोळींतून एकेक तसूनें बाहेर येत असतात. विषदंतांचें कवच, इतकेंच नव्हे तर मुखाचें व जठराचें आंतलें अस्तरहि त्याबरोबर निघतें. लहान पिलास यासाठीं थोडा वेळ पुरतो. मोठ्या कोळ्यास कित्येक तास लागतात. या अवस्थेंत त्याला लागलेला नुसता धक्काहि प्राणघातक होतो; पेटींत उरलेला एखादा रातकिडा त्याला कुरतडून मारूं शकतो. बाहेर आलेला कोळी मेणासारखा मऊ असतो. त्याचे दंत पांढरे शुभ्र असतात, मग तांबूस व शेवटीं काळे होतात. तोंवर, म्हणजे लहानास आठवडाभर व मोठ्यास दोन आठवडे किंवा अधिक, त्याला अन्न देऊं नये. तुटलेला पायहि कात टाकतांना नवा फुटतो; प्रथम बारीक व आंखूड, पुढच्या एकदोन खेपांस पूर्ववत्. आणि जी पोकळ कात मागें राहते, ती भिंगाखालीं पाहून कोळी नर कीं मादी हें जाणकारास सांगतां येतें.

मग खरें संकट कसें ओळखावें? त्याची खूण याच्या अगदीं उलट आहे. कोळ्याच्या पायांत दुमडण्यासाठीं स्नायू असतात, परंतु मुख्य सांध्यांशीं पाय लांब करण्याचें काम स्नायू करीत नाहींत. अंगांतील द्रवाच्या दाबानें ते पसरतात. पंपानें नळींत पाणी चढावें तसाच हा प्रकार. शरीरांतलें पाणी आटलें किंवा शक्ति क्षीण झाली कीं दाब उतरतो आणि पाय आपोआप पोटाखालीं मुडपतात. तेव्हां पालथा बसलेला व पाय आंत वळलेला कोळी हा मरणोन्मुख, आणि उताणा पडलेला कोळी हा नवजीवनाच्या उंबरठ्यावरचा. पहिल्यास तत्काळ पाणी द्यावें, दुसऱ्यास संपूर्ण एकांत. आपल्या डोळ्यांस जें मरण दिसतें तें त्याचें जीवन आणि आपणांस जी विश्रांति वाटते तें त्याचें मरण. हा एवढा भेद ज्याला कळला त्यानें या प्राण्याचें अर्धें शास्त्र जाणलें.

राग आणि भय

कोळ्यानें पुढचे पाय उंच उभारून दंत दाखविले कीं तो रागावला, अंगावर येणार, असें आपण म्हणतों. वास्तविक ती भ्यालेल्याची मुद्रा आहे. जवळ येऊं नको, एवढेंच तिचें सांगणें. कांहीं जाती याबरोबर फुत्कारासारखा आवाजहि काढतात. तो कंठांतून येत नाहीं, मुखाजवळचे राठ केस एकमेकांवर घांसून निघतो. जेम्स वुड-मेसन यानें १८७७ सालीं आसामांतल्या अशाच एका कोळ्याचें नांव त्याच्या या करकरीवरूनच ठेवलें आहे.

अमेरिका खंडांतील पुष्कळ केसाळ कोळ्यांपाशीं आणखी एक हत्यार असतें. मागच्या पायांनीं ते पोटावरचे सूक्ष्म, कांटेरी केस खरवडून उडवितात. त्वचेला त्यांची आग होते आणि डोळ्यांत गेल्यास फार त्रास पडतो. इंग्लंडांत लीड्स येथील एका गृहस्थाच्या बुबुळांत आपल्या पाळीव कोळ्याचे असे केस रुतल्याची हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. आपल्याकडील जातींना हे केस नसतात. पण त्या अधिक चपळ, अधिक तापट, व त्यांचें विषहि अधिक तीव्र. झाडावर राहणाऱ्या पोएसिलोथेरिया जातीच्या कोळ्याच्या दंशानें तीव्र वेदना व स्नायूंस पेटके येतात आणि ते कित्येक दिवस पुनःपुन्हां उद्भवूं शकतात. मात्र केसाळ कोळ्याच्या विषानें मनुष्य निश्चितपणें दगावल्याचें उदाहरण शास्त्रांत नमूद नाहीं.

भयानें काय अनर्थ होतो याचें उदाहरण मात्र आहे. २०१२ सालीं आसामांतील सदिया भागांत मोठे कोळी चावत सुटल्याची आवई उठली. दोघांचा अंत झाल्याचें वर्तमानपत्रांत आलें. परंतु त्यांच्या जखमा मांत्रिकांनीं चिरल्या होत्या असेंहि त्याबरोबरच प्रसिद्ध झालें, आणि मृत्यूचें कारण शवविच्छेदनानें सिद्ध झालेंच नाहीं. म्हणून दंश झाल्यास जागा साबण-पाण्यानें धुवावी, थंड पट्टी ठेवावी व डॉक्टरांकडे जावें. चिरणें, बांधणें, चोखणें यांतलें कांहींएक करूं नये.

दीर्घायुषी मादी, अल्पायुषी नर

या कुळांतील नर-मादींच्या आयुष्यांत जेवढें अंतर आहे तेवढें इतर प्राण्यांत क्वचितच आढळेल. मादी पंधरा-वीस वर्षें, कांहीं जातींत त्याहूनहि अधिक जगते. नर चारसहा वर्षांत वयांत येतो, शेवटची कात टाकतो आणि त्यानंतर कांहीं महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष काढतो. वयांत आलेला नर घर सोडतो. खाण्यापिण्याची फारशी पर्वा न करतां मादीच्या शोधांत रात्रंदिवस भटकतो. मोसमांत वाटेवर किंवा ओसरीवर अवचित दिसणारा केसाळ कोळी बहुधा असा फिरस्ता नर असतो. तो कोणाच्या अंगावर आलेला नसतो. मादीच्या बिळाशीं पोंचल्यावर तो पायांनीं ठराविक ठेका वाजवितो. त्यावरून हें भक्ष्य नव्हे हें ती ओळखते. पुढें ती शेंकडों अंडीं रेशमी पिशवींत बांधून आठवडेच्या आठवडे तिची राखण करते व ती पिशवी मधून मधून उलटीसुलटी करते.

यावरून एक गंभीर गोष्ट निष्पन्न होते. पोसण्याच्या हौसेनें रानांतली एक वयस्क मादी उचलली, तर पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या संततीचें मूळच खणून काढल्यासारखें होतें. तिची जागा भरून निघावयास निसर्गाला तितकींच वर्षें लागतात.

लळा

आणि एवढें करून हा प्राणी आपणांस लळा लावतो काय? नाहीं. तो धन्यास ओळखत नाहीं. हातावर शांत बसलेला कोळी प्रेमानें बसलेला नसतो. त्या ऊबदार, हलत्या जमिनीविषयीं त्याचा अजून निश्चय झालेला नसतो. हात लावणें त्याच्या उपयोगाचें नाहीं व मनुष्याच्याहि हिताचें नाहीं. एका दचकण्यांत तो खालीं पडून मरतो किंवा चावतो. म्हणूनच ज्यास परतफेडीवांचून दुसऱ्याकडे लक्ष देण्याची संवय करावयाची असेल, त्यानें कोळ्याकडे पाहावें. घरांतल्या मुलांस याहून चांगला धडा नाहीं. दररोज ठराविक वेळीं, हात न लावतां, त्यानें काय केलें तें वहींत लिहावयाचें: केव्हां खाल्लें, केव्हां बीळ बंद केलें, केव्हां कात टाकली. दोन वर्षांच्या अशा नोंदी दहा पुस्तकांच्या वाचनापेक्षां अधिक शिकवून जातील.

आपल्या रानांतला कोळी

हें सर्व वाचून एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या मनांत मेळघाटांतून किंवा नरनाळ्याच्या रानांतून कोळी घरीं आणण्याचें आलें, तर त्याला आमचें निक्षून सांगणें आहे कीं तें करूं नये. अभयारण्यांतून कोणताहि प्राणी परवानगीवांचून धरणें हा गुन्हा आहे. वर ज्यांचा उल्लेख आला ते पोएसिलोथेरिया कोळी २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या यादींत घातले गेले. आणि वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ सालची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आल्यामुळें त्या यादींतील जिवंत प्राणी बाळगणारास सरकारदरबारीं नोंद करणें भाग आहे. तेव्हां घरीं पोसावयाचाच तर कायदेशीर मार्गानें आलेला, बंदिवासांतच जन्मलेला व कागदपत्रांसह मिळणारा कोळी घ्यावा. तसा न मिळाला तर न पोसणें उत्तम.

कायदा इतका कडक कां झाला हें एका निळ्या कोळ्याच्या कथेवरून कळेल. पोकॉकनें १८९९ सालीं आंध्रांतील गुत्ती येथील एका कोळ्याचें वर्णन केलें. त्याचा रंग मोरपिसासारखा झळझळीत निळा. तो रेल्वेच्या लांकडांबरोबर तेथें आला असावा असें मानतात, कारण त्यानंतर शंभर वर्षें तो कोणास दिसला नाहीं. २००१ सालीं नंद्याळ व गिद्दलूर यांच्या मधल्या रानांत तो पुनः सांपडला, आणि त्याच्या सौंदर्यामुळें जगभरच्या हौशी लोकांत त्याला मागणी आली. आज परदेशांतील पेट्यांतून त्याची बंदिवासांत वाढलेली प्रजा भरपूर आहे. पण मायभूमींत त्याचें रान शंभर चौरस किलोमीटरहूनहि थोडें उरलें असून २००८ सालीं त्याची गणना नष्ट होण्याच्या अगदीं कडेवर असलेल्या प्राण्यांत झाली. पेट्यांत विपुल आणि रानांत विरळ, अशी त्याची स्थिति आहे.

मग पाहावें कसें? जेथें तो राहतो तेथें. आपल्याच शेताच्या धुऱ्यावर, वाटेकडेच्या दरडीवर, रेशमानें अस्तर लावलेलें बीळ आढळलें तर तें ध्यानांत ठेवावें. सरपटणाऱ्यांचें भान ठेवून, घरच्या वडील माणसासह, रात्रीं दोन हात दूर बसावें. बत्ती मंद असावी. थोड्या वेळानें दोन पाय बिळाच्या कांठावर येतात. काडी खुपसूं नये, पाणी ओतूं नये. दुसऱ्या दिवशीं पुनः जावें. पहिल्या पावसांत तो काय करतो, हिवाळ्यांत बिळाचें तोंड कधीं मिटतो, हें वर्षभर टिपावें. धुरा नांगरतांना तेवढी हातभर जागा सोडण्यास घरच्या माणसांस सांगावें.

अशा चिकाटीचें फळ काय असतें तें ऑस्ट्रेलियांतील एका विदुषीनें दाखवून दिलें आहे. बार्बरा यॉर्क मेन यांनीं १९७४ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या एका राखीव रानांत, केसाळ कोळ्यांच्याच नात्यांतल्या, बिळाला झांकण करणाऱ्या कोळ्यांच्या बिळांपाशीं खुणेच्या चकत्या लावल्या. त्यांतली सोळाव्या क्रमांकाची मादी त्या वर्षानुवर्षें पाहत राहिल्या. वृद्धापकाळीं तें काम त्यांच्या सहकाऱ्यांनीं उचललें. २०१६ सालीं त्या बिळाचें झांकण गांधीलमाशीनें भोंसकलेलें आढळलें व आंत मादी नव्हती. ती ४३ वर्षें जगली होती; कोळ्याचें इतकें दीर्घ आयुष्य त्यापूर्वीं कोठेंहि नोंदलें गेलें नव्हतें. तिला कोणीं पेटींत ठेवलें नव्हतें, हातावर घेतलें नव्हतें. एका बाईनें तिचें घर ओळखलें आणि तें तसेंच राहूं दिलें, एवढ्यानेंच ती जगाला ठाऊक झाली.

सातपुड्याच्या पायथ्याशीं, अंजनगांव-अकोटच्या शिवारांत, चिखलदऱ्याच्या दरडींत, अशीं क्रमांक न लागलेलीं बिळें किती असतील! त्यांतलें एक जरी आमच्या एखाद्या वाचकानें या पावसाळ्यांत शोधून, न उकरतां, वहींत टिपून ठेवलें, तर या लेखाचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.